भर दुपारची भुतांची पंगत

ये गो बाय, अशी जवळ सरक. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे मालवणात, म्हणून कागदावरच जवळ बसवते. पण आधी जरा बोलणार आहे, ते ऐकून घे. गणपतीला आली नाहीस, दसऱ्याला आली नाहीस, आणि परवा एकदम फोनवर फोटो पाठवलास, भोपळ्याला डोळे पाडलेले. खाली विचारलंस, ‘आजी, आमच्याकडे हॅलोविनची पार्टी आहे, तुला माहीत आहे का हे काय असतं?’ म्हणजे आम्ही काय दगडाखाली जन्मलो होतो? बाय माझे, तुझ्या बापाचा जन्म व्हायच्या आधी आमच्या देवबागच्या घरात हॅलोविन झालं आहे. आणि असं झालं आहे, की ज्यांनी ते काढलं त्या लोकांनाही करायची छाती झाली नसती.

तेव्हा मी त्या घरात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. साठ सालानंतरची गोष्ट, नक्की साल विचारू नकोस. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे. जन्मभर गलबतावर तांडेल होते, चाळीस माणसांवर हुकूम चालवून आता घरातल्या पाचांवर चालवायचे. सासूबाई होत्या, त्या मामंजींवर हुकूम चालवायच्या. तुझे आजोबा मालवणच्या कचेरीत कारकून. त्यांचे धाकटे भाऊ, मी त्यांना भावजी म्हणायची, ते मोठ्या जहाजावर खलाशी. आणि त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. कट्टा गावच्या दुकानदाराची एकुलती लेक.

आता या धाकटीचं दुखणं सांगते, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. कट्टा आतल्या अंगाला, तिथे रस्ता, बाजार, शेजाराला शेजार. आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि माड. दोन्हीकडून पाण्याचा आवाज. त्यात सासूबाईंनी काय केलं, तर लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तिला हाताला धरून आवार दाखवायला नेलं. हा शहाळ्यांचा माड, ही परसाकडची जागा, आणि या काजऱ्याच्या झाडावर एक बाई आसा, थय केस विंचरू नको. विहिरीवर एक आसा, तो नुसतो बगता, काय करणा नाय. कुंपणाकडे आमचो राखणदार, तो घरचोच. शेजाऱ्यापाजाऱ्यांची ओळख करून द्यावी तशी. सासूबाईंच्या मनात काही नव्हतं गो. त्यांना सुद्धा त्यांच्या सासूने अशीच ओळख करून दिली होती.

धाकटीने मात्र त्या दिवसापासून धसका घेतला. विहिरीवर एकटी जाईना. कळशी घेऊन माझ्या मागे उभी राहायची, ‘वैनी, चला गो.’ परसात जायचं तरी मी सोबत. उशाखाली सुपारीचा आडकित्ता, लोखंड जवळ असलं की भूत येत नाही म्हणून. लग्नानंतर पंधरा दिवसांत भावजी जहाजावर गेले, आणि ती काहीबाही निमित्त काढून कट्ट्याला जी गेली, ती ते दीड वर्षाने सुट्टीवर परत आल्यावरच आली. आल्या आल्या तिने त्यांना सांगून टाकलं, ‘तुमी गेलात की मी हय रवाचंय नाय.’ तिच्या वडलांनीही निरोप धाडला होता, जावईबापूंनी जहाज सोडावं आणि कट्ट्याला दुकानाच्या गादीवर बसावं.

भावजी आणि दुकानाची गादी! अगो, तो माणूस जमिनीवर चालताना सुद्धा डुलायचा. त्यांना समुद्र सोडवत नव्हता आणि बायकोही सोडवत नव्हती. दिवाळी झाली की मालवण बंदरातून मुंबईची बोट पकडायची होती. मध्ये तीन आठवडे. तेवढ्यात धाकटीची भीती गेली तर ठीक, नाहीतर तराजू.

एका सकाळी आम्ही सगळे पेज जेवत होतो. भावजींनी ताटली खाली ठेवली आणि म्हणाले, परदेशात एका बंदराला त्यांचं जहाज याच दिवसांत लागलं होतं, तिथे एक सण पाहिला. हॅलोविन. त्या दिवशी माणसंच भुतं होतात. चादरी पांघरतात, तोंडं रंगवतात, भोपळ्याला डोळे-नाक पाडतात, घरी पाहुणे बोलावून खातात-पितात. ‘आणि कोणीच घाबरत नाय. कारण आत कोण आसा ता सगळ्यांका ठावक आसता.’ मग धाकटीकडे न बघता म्हणाले, ‘आपण घरात करूया.’

मामंजींनी पेजेचा शेवटचा घोट घेतला.

‘भुतां करूक कित्याक व्हयी?’ ते म्हणाले. ‘हय काय कमी आसत?’

पण भावजी हट्टाला पेटले होते. आणि आमच्या घराचा एक गुण सांगते, एखादी गोष्ट वेडेपणाची आहे हे सगळ्यांना पटलं, की मग ती नीट, रीतसर कशी करायची यावर सगळे कंबर कसायचे.

पहिला प्रश्न वेळेचा. भावजी म्हणाले, तिकडे हे काळोख पडल्यावर करतात. सासूबाईंनी तिथेच थांबवलं. ‘दिवो लागल्यावर ह्या घरात भुताचा नाव काडूचा नाय. आयुष्यात काडूक नाय, आता काडूचा नाय.’

‘मगे कधी करूचा, आये?’

‘दुपारी करा. जेवणाच्या वक्ताक.’

‘आये, उजेडात भूत कसा दिसतला?’

‘चांगला दिसतला. काळोखात तुका दिसता काय कधी?’

भावजींनी दुपार मान्य केली. मग वार. अमावास्या नको, त्या दिवशी भुतांना त्यांची कामं असतात. शनिवार नको. सोमवारी सासूबाईंचा उपास. आणि मुख्य म्हणजे आमच्याकडचा म्हाळ नुकताच होऊन गेला होता. पितरांना जेवू घालून पाठवलं, त्यांनी पाठ फिरवली नाही तर परत भुताचं जेवण मांडायचं? ‘तेंका वाटात, म्हाळात कायतरी रवला म्हणान परत बोलवल्यानी.’ शेवटी म्हाळापासून पुरेसं लांब आणि दिवाळीच्या जरा अलीकडे, असा शुक्रवार ठरला. दुपारी.

तुझ्या आजोबांना तर कामच मिळालं. कचेरीत बसून बसून त्यांना साधं बोलणं जमत नसे. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून आणलं, ‘नियोजित कार्यक्रमाची रूपरेषा. एक, भुतांचे आगमन. दोन, आसनस्थ होणे. तीन, अल्पोपाहार.’ खाली सहीला जागा. भावजींनी विचारलं, ‘दादा, सही कोणाची?’ आजोबा म्हणाले, ‘संबंधितांची.’

मग भोपळा. छपरावर वेल होता आमचा, त्यावरचा सर्वांत मोठा भोपळा भावजींनी काढला. आता तुला माहीत नसेल, आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईने चालवायची नाही. बाप्याने मारायची, मग आपण पुढे चिरायचा. तेव्हा भावजी सुरी घेऊन बसले आणि आम्ही तिघी बघत. त्यांनी वरून टोपी कापली, आतला गर काढला, सासूबाईंनी तो लगेच घारग्यांसाठी पातेल्यात घेतला. मग डोळे कोरले, नाक कोरलं, दात कोरले. खरंच बरा जमला होता. खोबरेलाच्या उजेडात ठेवला असता तर कदाचित भीतीही वाटली असती.

सासूबाईंनी त्याचं तोंड निरखून बघितलं. मग उठल्या, देवाजवळचं हळदकुंकू आणलं आणि भोपळ्याच्या कपाळाला लावलं.

‘आये, ह्यां काय?’

‘तोंड इला मगे मान देवक व्हयो.’

त्या दिवसापासून तो भोपळा ओसरीवर पाटावर बसला. सकाळी त्याला फूल. कोणी पाय लावून पुढे जाईना. भावजी डोकं धरून बसले. घाबरवायला केलेला भोपळा, आणि घर त्याच्या पाया पडतंय.

धाकटी हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. चेहरा पांढरा.

मग कोणी काय व्हायचं, यावर दोन दिवस गेले. घरात पांढऱ्या चादरी दोन. एक भावजींची, एक आजोबांना दिली. तिसरं पांढरं म्हणजे मामंजींचं जुनं धोतर, ते सासूबाईंच्या पुढे केलं. त्या फणकारल्या. ‘पांढरा नेसूक माजो घो काय मेलो? समोर बसलो आसा चांगलो पान खायत.’ बरोबरच होतं. सवाष्ण बाई पांढरं कसं नेसेल? तेव्हा असं ठरलं, की सासूबाई भूतच होतील, पण हिरवं लुगडं नेसून, कुंकू लावून, हातात काकणं घालून. मला तव्याची काजळी फासून हडळ करायचं ठरलं.

मग पाळी मामंजींची. विचारलं तर म्हणाले, ‘मी जन्मभर तांडेल. साधो भूत होवचंय नाय. जालंय तर देवचार.’ आणि मग सासूबाई गंभीर झाल्या. देवचार म्हणजे गावचा राखणदार, घोंगडी-काठी घेऊन शिवेवर फिरणारा. बाकीच्या भुतांची नक्कल एक वेळ चालेल, त्याची कशी करायची त्याला न विचारता?

‘बाकीच्यांची तरी न विचारता कशी?’ आजोबा म्हणाले.

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. ‘हडळीचे पाय उलटे आसतत.’

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी. भुतांच्या विषयात तिचं पहिलं बोलणं.

‘मगे?’ सासूबाई म्हणाल्या.

‘काय नाय. पाटार बसवलात तर पाय भिंतीकडे येतले आणि तोंड पानाकडे. मगे मांडी कशी घालतली? काजळी लावन वैनी नुसती बसात, पण रीत नको?’ एवढं बोलून ती आत गेली, आणि परत बाहेर येऊन म्हणाली, ‘आमच्या कट्ट्याक पंगतीत असो घोळ चलणा नाय.’

भावजींच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. आधी तिला समजावून, मग विनवून, मग रागावून झालं होतं. आता ती हडळीला पाट कसा मांडायचा याचा विचार करत होती.

तर मामंजींनी परवानगी मागायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी खळ्यात, म्हणजे आमच्या सारवलेल्या अंगणात, नारळ ठेवला, विडा ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. तू गाऱ्हाणं ऐकलं आहेस गणपतीत, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

‘बा देवा राखणदारा,’ मामंजींनी सूर लावला, ‘आज ह्या तुज्या लेकरांनी जो काय खुळेपणाचो कार्यक्रम मांडलेलो आसा...’

‘व्हय म्हाराजा,’ आम्ही म्हणालो.

‘तेच्यात कोणी तुजी नक्कल केल्यान, कोणी तुज्या मंडळीची केल्यान, तर ती चेष्टा समजा नको, पोरांचो खेळ समज...’

‘व्हय म्हाराजा.’

‘काय चुकला माकला तर पदरात घे...’

‘व्हय म्हाराजा.’

‘आणि तुजी जी काय वरची, खालची, झाडावरची, पाण्यातली मंडळी आसत, ती सगळी घेवन पंगतीक ये आणि आमका आशीर्वाद दी...’

‘व्हय म्हाराजा.’

मामंजींनी नारळ फोडला. दोन भकलं नीट झाली. आम्ही खोबरं खाऊ लागलो. तेवढ्यात आजोबांचा हात तोंडापाशी थांबला.

‘बाबा, आपण त्यांना आमंत्रण दिलंत.’

‘कोणाक?’

‘सगळ्यांना. झाडावरच्या आणि पाण्यातल्या.’

मामंजींनी फुटलेल्या नारळाकडे बघितलं. ‘सवयीन तोंडातसून गेला,’ म्हणाले. वर्षातून दहा वेळा तेच म्हणायचं, लग्नाला, मुंजीला, होडी पाण्यात घालायला. जीभ आपली आपण वळली. आणि आम्ही शहाण्यांनी सुद्धा व्हय म्हटलं.

‘परत घेवक येणा नाय?’ भावजींनी हळूच विचारलं.

‘पावण्यांका बोलवन नको म्हणतलंस?’ सासूबाई म्हणाल्या. ‘माणसांका म्हणणंव नाय, तेंका म्हणतलंव?’

मी धाकटीकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. आता ही चक्कर येऊन पडणार किंवा चालत कट्ट्याला जाणार. खाडी आडवी आली तरी पोहून जाणार. भावजींना पण तसंच वाटलं असणार, ते तिच्या बाजूला सरकून उभे राहिले, पडली तर धरायला.

धाकटी कपाळाला आठ्या घालून उभी होती. ‘किती पाना?’ ती म्हणाली.

‘काय?’

‘किती पाना मांडूची? आज गुरवार. उद्या दुपारी पंगत. तांदूळ कधी भिजत घालू, वड्यांचा पीठ कधी करू? ह्या आठवड्यात रांधूची पाळी माजी आसा. जेवण कमी पडला तर नाव कोणाक ठेवतले? कट्ट्याच्या चेडवाक.’

आणि मग ती सुटली बाय. दुकानदाराची लेक ती. झाडावरची एक की दोन? विहिरीवरचा शाकाहारी की कसं? सासूबाईंना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांचा शेजार आणि एवढं माहीत नाही, म्हणून धाकटीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की सासूबाई प्रथमच सुनेपुढे वरमल्या. भुताच्या पानाला मीठ चालत नाही म्हणतात, तर सगळंच अळणी करायचं की पाहुण्यांचं वेगळं? कोंबडी नको, कोणी पाळणारं असेल. तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, हे कोणाच्याही बापाला चालतं. गोडाला घारगे होतेच. पाहुण्यांची पाच पानं ठरली. जास्त आले तर वड्यांचं पीठ उरवून ठेवायचं. रात्री तिने आडकित्ता उशाखाली घेतला की नाही ते मला ठाऊक नाही, पण पहाटे मी उठले तेव्हा ती वाटाणे भिजले का ते दाबून बघत होती.

शुक्रवार उजाडला. दिवाळीच्या तोंडाचं ऊन तुला ठाऊक आहे, माडाची झावळं पण मान टाकतात. खळ्यात मांडव नव्हता. भावजी चादर पांघरून बसले, दोन डोळ्यांची भोकं, खाली घामाची धार. आजोबांना चादरीतून दिसेना म्हणून त्यांनी चष्मा चादरीच्या वरून लावला. सासूबाई तोंडाला तांदळाचं पीठ आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू. मामंजी देवचार, म्हणजे जाड घोंगडी, काठी, वहाणा. घोंगडीत शिजत होते, पण तांडेल हूं का चूं करीना. मी काजळीची. हडळ म्हणून मला पाट आडवा मांडला होता, धाकटीने ठरवला तसा. आणि समोर पाच रिकामी पानं, पाण्याचे तांबे भरून.

धाकटी भूत झाली नव्हती. ‘वाढपी भूत कसा होतला?’ म्हणाली. ‘हात पिठाचे आसत माजे.’

पदर खोचून ती वाढायला लागली. आधी पाहुण्यांना. पहिल्या पानासमोर जरा थबकली. आम्ही पाचही भुतं तिच्याकडे बघत होतो. तिने वडा ठेवला. सांबारं वाढलं. मग रीतीप्रमाणे म्हणाली, ‘घ्या. लाजा नको.’ दुसरं पान, ‘आणि एक घ्या, गरम आसा.’ तिसरं पान विहिरीवरच्याचं होतं, असं तिनेच ठरवलं होतं. तिथे ती वाकली आणि आवाज बदलला. ‘तुमका काय सांगूचा आसा. मी पाणी काढूक येतंय तेव्वा असा टक लावन बगा नको. जेवण वाढतंय ना? मगे माणसासारखे रवा.’

मामंजींची काठी हातातून सुटली. कोणी उचलली नाही.

इतक्यात कुंपणापलीकडची म्हातारी शेजारीण विरजण मागायला वाटी घेऊन आली. एवढ्या उन्हात तीन माणसं चादरी-घोंगडीत, एकीचं तोंड काळं, एकीचं पांढरं, ओसरीवर कुंकू लावलेला भोपळा. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

‘जेवण आसा आणि माका सांगूक नाय,’ म्हणाली, आणि सरळ तिसऱ्या पानावर बसली.

‘मावशे, तां पान विहिरीवरच्याचा,’ धाकटी म्हणाली.

‘तो माज्या लग्नाच्या आधीपासूनचो ओळखीचो. सरकात जरा.’ आणि म्हातारीने वडा मोडला. ‘अळणी आसा गो सांबारा.’

धाकटीने जीभ चावली, आत जाऊन मिठाचं सांबारं आणलं, म्हातारीच्या शेजारी विहिरीवरच्याला नवीन पान मांडलं, पहिल्यापासून परत वाढलं. उरवलेलं पीठ कामी आलं.

जेवणं झाली. भांड्यांचा ढीग पडला आणि घरातलं पाणी संपलं. भावजी सवयीने उठले, तिच्यासोबत विहिरीवर जायला. चादर अडकली पायात. ती सोडवेपर्यंत धाकटी कळशी घेऊन गेली होती. एकटी. माडांच्या मधून, काजऱ्याच्या झाडाखालून.

आम्ही विहिरीकडे कान लावले. रहाटाचा आवाज आला, कळशी आपटल्याचा आवाज आला. मग ती कमरेवर कळशी घेऊन आली, ओतली, आम्हा भुतांना बघून म्हणाली, ‘काय बगतास? भांडी घासूक भुतां येतली?’ आणि दुसऱ्या खेपेला गेली. भावजी चादरीच्या आतच बसून राहिले बराच वेळ. मी त्यांना डोळे पुसायला माझा पदर दिला नाही, काजळीचा होता.

भीती लगेच पळाली असं नाही हं. पुढे कित्येक महिने समुद्र मोठा झाला की ती माझ्या चटईवर येऊन झोपायची. पण दिवाळीनंतर तिचे वडील बैलगाडी करून, होडीने खाडी ओलांडून तिला न्यायला आले, तेव्हा तिने त्यांना पोटभर जेवू घातलं आणि एकटंच परत धाडलं. ‘बाबा, हय जेवणारी माणसां खूप आसत. सासूबायक आणि वैनीक दोगींक झेपाचा नाय.’ यात कोण कोण माणसं धरली होती, ते तिच्या वडलांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. भावजी मुंबईच्या बोटीवर चढले. पुढे पंचवीस वर्षं जहाजावर होते.

आता भावजी नाहीत. धाकटी आहे, ऐंशी उलटली तरी देवबागच्याच घरात. पाहुण्यांना उतरायला दोन खोल्या काढल्या आहेत, त्यांना दटावून दटावून वाढते. मुलगा मुंबईला चल म्हणतो, ती विषय बदलते. गेल्या आठवड्यात फोनवर तुझं विचारत होती, ती पुण्याची पोर अजून मला ओळखेल का म्हणून. मी काय उत्तर देऊ, तूच सांग. तुमची ती पार्टी झाली की पुढच्याच सुट्टीत ये. एकटी ये, मैत्रिणी घेऊन ये, कशी पण ये. मी मालवणच्या स्टँडवर उभी राहते, मग आपण दोघी रिक्षा करून जेवणाच्या वेळेला तिच्याकडे जाऊ. फार दिवस लावू नको गो.